सतरा कोयत्यांची ट्रॉली

जुनी आहे मी, हे मान्य. माझा रंग उडाला आहे, डाव्या बाजूचा पत्रा आत दबला आहे, आणि खड्ड्यातून जाताना मी एवढी खडखडते की पुढच्या वस्तीवरची कुत्री आधीच उठून उभी राहतात. पण मला भंगार म्हणू नका. मी ट्रॅक्टरमागे चालणारी चार चाकांची ट्रॉली आहे. घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या पुढे माळावर एक वाडी आहे. तिथे भारत नावाच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात, लिंबाखाली मी उभी असते. मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हांला रडू आलं तर डोळे पुसा. राग आला तर मात्र तो पुसू नका, जपून ठेवा.

माझा जन्म जालन्याचा. तिथल्या भट्ट्यांमध्ये मोडकं लोखंड वितळवून नवं करतात. माझ्या अंगात कुणाचा तुटका नांगर असेल, कुणाची गंजलेली खाट असेल, कुठल्या तरी शाळेची फुटकी घंटाही असेल. त्यामुळे भंगाराची मला लाज नाही, मी त्यातूनच आले. पण जे अजून कामाचं आहे त्याला टाकाऊ ठरवलेलं मला सहन होत नाही. वसंता मिस्तरीने मला जोडलं. तो डोळ्यांवर काळी काच धरून सांधे जोडायचा आणि मग प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून कान लावायचा. आवाज ठोस आला तरच पुढे जायचा. शेवटी त्याने माझ्या मागच्या बाजूला लोखंडी फाळका बसवला. फाळका म्हणजे ट्रॉलीचा खाली पडणारा दरवाजा. तो उघडला की माल चढतो आणि उतरतो. वसंता भारतला म्हणाला होता की ही माल वाहील, पण माणसं हिच्यात भरू नको. भारतने मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

पहिली दोन-तीन वर्षं माझी मोठी शान होती. मी कापूस नेला, सोयाबीन नेलं, बांधासाठी दगड नेले. शाळेच्या स्नेहसंमेलनात माझा फाळका पाडून माझा रंगमंच केला होता. पोरी माझ्यावर नाचल्या, तेव्हा माझ्या पत्र्याचा ढोल वाजला आणि मुख्याध्यापकांनी भाषणात माझे आभार मानले. त्यानंतर दोन पावसाळे कोरडे गेले आणि मला उसाच्या कामाला लावलं.

उसाचं काम कसं असतं ते सांगते. दिवाळी झाली की वाडीतली सतरा घरं कुलूप लावून माझ्यात बसतात. गाठोडी, पातेली, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी, आणि मागे कुणी सांभाळणारं नसेल तर लेकरंसुद्धा. आम्ही दीड दिवस चालून दूरच्या कारखान्याच्या शिवारात जातो आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास परत येतो. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून माझ्यापर्यंत आणते. म्हणजे बाई एक पूर्ण माणूस नसतेच तिथे, ती अर्धा कोयता असते. ती आजारी पडली तर लोक विचारत नाहीत की तिला काय होतंय. विचारतात की कोयता का बंद आहे.

गोजरबाई नावाची एक म्हातारी आहे वाडीत. ऊसतोडीला ती जात नाही, मुलांच्या घरांशेजारी वेगळ्या खोपटात राहते. तिला दोन सुना. थोरली तुळजाबाई, धाकटी सोनूबाई. दोघी माझ्यातून जायच्या. पहाटे चारला उठून तुळजाबाई दातांना मिश्री लावायची. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. ती एकदा माझ्या चाकाला टेकून धाकटीला सांगत होती, "मिश्री लावली की दुपारपस्तोर भूक मरती. भाकर थापायला टाइम कुठंय?" शौक म्हणून नाही, मित्रांनो. भूक मारायला.

एका हंगामात तिच्या डाव्या गालात आतून एक फोड आला. तो दुखत नव्हता. जो दुखत नाही तो आपल्याकडे आजार नसतोच. पंधरा दिवस गेले, महिना गेला, फोड जाईना. शेजारच्या गावात एक नर्सबाई यायच्या, तुळजाबाई एक दिवस मोळ्या टाकून त्यांच्याकडे गेली. त्यांनी सांगितलं की तुमचं नाव आमच्या यादीत नाही, तुमच्या गावी दाखवा. ती परत येऊन मोळ्या बांधू लागली.

आणि गावी काय झालं, ते मला नंतर कळलं. जानेवारीत तालुक्याचं तपासणी पथक वाडीत आलं होतं. तोंडाचा कर्करोग शोधायचा कार्यक्रम होता. आरोग्य खात्याची आशाताई बेबीनंदा त्यांच्याबरोबर घरोघर फिरली. विहाराच्या मागच्या गल्लीत राहणारी ही बाई, गावातल्या प्रत्येक लेकराच्या लसीची तारीख हिला पाठ. सतरा दारांना कुलूप दिसलं, तिने वहीत सतरा वेळा लिहिलं, घर बंद. बाकीच्या घरांत कुणाला काही निघालं नाही. वर अहवाल गेला की या वाडीत तोंडाचा कर्करोग शून्य. तालुक्याच्या बैठकीत वाडीचं कौतुक झालं. बेबीनंदाला पुष्पगुच्छ मिळाला.

त्याच शून्याच्या वर्षी मी तुळजाबाईला माझ्यात आडवी घालून परत आणली. चार गोधड्यांवर झोपवली होती तिला. तोंडात बोटसुद्धा जाईना. सोनूबाई चमच्याने ताक सोडायची, ते अर्धं बाहेर यायचं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं, तिथे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले की सहा महिने आधी आला असतात तर एवढुसं काम होतं. दसऱ्याच्या आत तुळजाबाई गेली.

मित्रांनो, कर्करोग हा शब्द मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतात. मला दबकं बोलता येत नाही. म्हणून मोठ्याने सांगते. त्याच वर्षी घनसावंगीत एका किराणा दुकानदाराच्या गालात तसाच फोड आला होता. तोही तंबाखू खायचा. पण त्याचा दवाखाना दुकानासमोर होता, त्याचं नाव यादीत होतं आणि त्याला दुखायची वाट बघावी लागली नाही. त्याचा फोड मसुराच्या दाण्याएवढा असताना सापडला. तो आज गादीवर बसून साखर तोलतो. तुळजाबाईची गाठ सापडली तेव्हा लिंबाएवढी होती. रोग एकच, तंबाखू एकच, डावा गालही तोच. मसूर आणि लिंबू यांच्यामधलं अंतर देवाने ठेवलेलं नाही. ते दोन याद्यांच्या मधल्या फटीने ठेवलं. माझ्या तळाच्या फळ्यांमध्येही फटी आहेत, पण त्यांतून ज्वारी सांडते, माणसं नाही.

सगळ्यांत वाईट गोष्ट यानंतर घडली. गोजरबाई दुपारी माझ्या सावलीत येऊन बसायची आणि येईल त्याला सांगायची की माझी सून रोगाने गेली नाही, दवाखान्यात हत्यार लागलं म्हणून गेली. तुकडा काढला आणि गाठ भडकली. लोकांनी ऐकलं, मान हलवली आणि घरोघर नेलं. वाडीत सगळ्यांचं ठरून गेलं की तोंडात काही झालं तर गप्प बसायचं. हळद भरायची, तुरटीच्या पाण्याने चूळ भरायची, पण दवाखान्याचं नाव काढायचं नाही.

बेबीनंदा एक दिवस आरोग्य उपकेंद्राच्या नर्सला, संध्या शिस्टरला घेऊन माझ्या फाळक्यावर येऊन बसली. संध्या जालन्याची तरुण मुलगी, नुकतीच इथे रुजू झालेली. बेबीनंदाने मांडीवर वही उघडली आणि म्हणाली, "शिस्टर, हे शून्य माझ्या हातानं लिवलंय. कुणाला काई न्हाई म्हणून ते शून्य न्हाई. बघितलंच न्हाई म्हणून शून्य हाय."

त्या दोघींनी तालुक्याला अर्ज दिला की पथक दिवाळीआधी पाठवा. उत्तर मिळालं की तारीख वरून येते. तुळजाबाईच्या जोडीच्या जागी वाडीतलीच दुसरी जोडी ऊसतोडीला गेली होती. पुढच्या जानेवारीत पथक आलं, दारांना पुन्हा सतरा कुलपं. या वेळी बेबीनंदाने 'घर बंद' लिहायला नकार दिला. तिने लिहिलं, 'ऊसतोडीला गेले, तपासणी बाकी.' पथकाचे साहेब म्हणाले की फॉर्मात असा रकानाच नाही. ती म्हणाली की मंग नवा रकाना काढा, माणसं तर हायत. साहेबांनी तो कागद तिला परत दिला. तिने तो घडी घालून ठेवून दिला, पण खोडला नाही.

मग दिवाळी आली. आणि मला एक गोष्ट ठाऊक होती जी बेबीनंदाला ठाऊक नव्हती.

दिवाळीआधी आम्ही लोकांच्या शेतातलं सोयाबीन वाहत होतो. बायका जेवायला माझ्या सावलीत बसायच्या. सोनूबाई सगळ्यांकडे पाठ करून बसायची. ठेचा शेजारणीला देऊन टाकायची. भाकर पाण्यात कुस्करायची आणि सगळा घास उजव्या बाजूला फिरवायची. तुळजाबाई असंच जेवायची, शेवटी शेवटी. मी बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. मी रिकामी असताना खडखडते, पण बोलता येत नाही. सोनूबाई आणखी दहा-बारा दिवसांत माझ्यात बसणार होती. मग सहा महिने कुणी तिच्या तोंडात डोकावणार नव्हतं. आणि सहा महिन्यांनी मसुराचं काय होतं ते मी पाहिलं होतं.

भाऊबीज होऊन तिसरा दिवस. निघायची सकाळ. आमच्याकडे निघण्याआधी सगळे कोयते फाळक्यावर ओळीने मांडतात, हळद-कुंकू लावतात आणि चाकापुढे नारळ फोडतात. नारळ फुटेपर्यंत कुणी चढत नाही. वर्षात हीच एक वेळ असते जेव्हा सतराच्या सतरा जोड्या एका जागी उभ्या असतात. बाकी दिवशी कुणी शेतात, कुणी बाजारात, कुणी माहेरी. बेबीनंदाने ही वेळ बरोबर हेरली होती.

ती आणि संध्या उजाडताच आल्या. प्लास्टिकची खुर्ची, बॅटरी आणि हातमोज्यांचा डबा घेऊन. बेबीनंदा सरळ माझ्या पुढच्या बाजूला गेली. ट्रॅक्टर आणि मला जोडणारी हातभर लांब लोखंडी पिन असते. तिने ती उपसली, पदराने पुसली आणि आपल्या पिशवीत टाकली. मी ट्रॅक्टरपासून सुटले. आयुष्यात पहिल्यांदा सुटल्याचा मला आनंद झाला.

मुकादम हरिओम हा या सतरा जोड्यांना कामावर नेणारा माणूस. गडी वाईट नाही, पण वेळेला बांधलेला. तो गुटख्याची पुडी फाडत आला.

"ओ बेबीताई, काय करून राह्यल्या तुमी?"

"तोंडं बघून राह्यले. चौतीस हायत. एकाला दोन मिन्टं."

"गाडी लेट व्हती ना. तिकडं कारखाना सुरू झाला. पिन द्या जल्दी."

"तोंड दाखवल्याबिगर फाळक्यावर कुणाचा पाय पडणार न्हाई. तुमी नारळ फोडता, आमी तोंड बघतो. दोन्ही झालं की जा खुशाल."

हरिओमने भारतकडे बघितलं आणि दुसरी पिन काढायला सांगितलं. भारत माझ्या चाकावर बसून शेंगा खात होता. त्याने सांगितलं की दुसरी पिन नाही. मित्रांनो, दुसरी पिन होती. सीटखालच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेली. तुळजाबाईला आडवी घालून दीड दिवस ट्रॅक्टर चालवला होता त्याने, प्रत्येक खड्ड्यापाशी वेग कमी करत. त्याने आणखी एक शेंग फोडली.

रांग लागली, पण नाराजीने. संध्या प्रत्येकाला खुर्चीवर बसवायची, तोंड उघडायला लावायची आणि सांगायची की तुमचीच तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि दातांच्या मधे घाला. तीन गेली तर जबडा मोकळा आहे. नाही गेली तर आतली कातडी आवळत चालली आहे. मग बॅटरीने गाल, जीभ, जिभेखालची जागा बघायची. पांढरा चट्टा, लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड. एवढंच शोधायचं. तुम्हीही घरी हे करून बघा. बाप्पा, चाचा, मावशी, कुणालाही बसवा. त्याला पथक लागत नाही आणि जानेवारीची वाटही बघावी लागत नाही.

बायका तोंड उघडून हसत होत्या. आकांक्षा नावाची नवी सून म्हणाली की एवढं तोंड तर मी सासूपुढंबी उघडलं न्हाई. त्यावर एकीने हरिओमला हाक मारली, "मुकादम, तुमी बी बसा की. आमालाच का?"

"माझं काय बघता? मी काय ऊस तोडतो का?"

"रोग काय ऊस तोडणारालाच व्हतो व्हय?"

सगळे हसले. हरिओमही हसला आणि गंमत म्हणून खुर्चीवर बसला. गुटखा थुंकला, तीन बोटं उभी केली आणि तोंडात घालायला गेला. दोनच गेली. त्याने पुन्हा जोर लावला. दोनच. हसणं एकेक करून थांबलं. हरिओमने बोटं काढली आणि सदऱ्याला पुसली. मग तो संध्याला हळूच म्हणाला की वर्षभर झालं, त्याला तिखट लागत नाही आणि मोठा घास जात नाही. त्याला वाटलं होतं दाढेमुळे असेल. संध्याने त्याचं नाव लिहून घेतलं. त्यानंतर त्याने पिन मागितली नाही.

तेहतीस तोंडं झाली. एक उरलं.

"सोनूबाई कुठंय?" बेबीनंदाने विचारलं.

सोनूबाईचा नवरा पुंजाराम खाली बघत म्हणाला की आत्ता तर इथंच होती. मला ठाऊक होतं ती कुठे आहे. सगळे रांगेत असताना ती मागून माझ्या चाकावर पाय देऊन आत उतरली होती आणि गोधड्यांच्या ढिगामागे गुडघ्यात डोकं घालून बसली होती. नारळ फुटायच्या आधी चढली होती, प्रथा मोडून. तिचं वजन माझ्या फळ्यांवर होतं. मी तिला सांगणार तरी कशी? तेवढ्यात गोजरबाई काठी टेकत आली. म्हातारीने माझ्याखाली वाकून पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. तिने माझ्या पत्र्यावर काठी मारली.

"सोने, उतर खाली."

आतून आवाज आला, "आत्याबाई, मला हत्यार लावून घ्यायचं न्हाई. जाऊबाईंचं काय झालं ते बघितलं म्या."

संध्या पुढे आली. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही, ती फक्त तपासणी असते, असं तिने दोनदा समजावलं. आत काही हललं नाही. पुस्तकातली खरी गोष्टसुद्धा कधीकधी एकटी पुरी पडत नाही. तिला साक्ष लागते. आणि साक्ष देणारी तिथेच काठी धरून उभी होती.

गोजरबाईने काठी माझ्या चाकाला टेकवून ठेवली आणि पदर सारखा केला. सगळी वाडी ऐकत होती.

"हत्यारानं न्हाई गेली ती," म्हातारी म्हणाली. "उसाच्या फडातून तिनं मला फोनवर इचारल्तं, माय, गालात फोड आलाय, गावी येऊ का म्हणून. म्या म्हणले, हळद भर, कोयता मोडू नको. पुन्यांदा फोन आला, पुन्यांदा हळदच सांगितली. तिला हत्यार लागलं तवा गाठ लिंबाएवढी झाल्ती. ती म्या वाढू दिली. मंग सांगत हिंडले, दवाखान्यानं मारली म्हणून. तसं न्हाई म्हणलं तर माझंच नाव येत व्हतं ना."

भारतच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"आता आलं माझं नाव. येऊ दे. एका सुनेला हळदीवर घालवली, दुसरीला न्हाई घालवायची. उतर."

माझ्या फळ्यांवरचं वजन हललं. सोनूबाई उभी राहिली. पुंजारामने हात दिला आणि ती फाळक्यावरून खाली आली. खुर्चीवर बसली. डोळे मिटले आणि तोंड उघडलं. संध्याने बॅटरी लावली. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा, आणि त्याच्या मधोमध छोटा फोड. केवढा म्हणून बेबीनंदाने विचारलं. संध्या म्हणाली, "मसुराच्या दाण्याएवढा."

आता खरा प्रश्न उभा राहिला. संध्या म्हणाली की उद्याच जालन्याला नेऊन दाखवायला हवं, पुढे कदाचित मोठ्या दवाखान्यात. हरिओम डोकं खाजवत म्हणाला की मी अर्धा कोयता घेऊन कसा जाऊ, तिकडे सतरा सांगितलेत, तिकडचे लोक मलाच जाब विचारतील. त्याचं खोटं नव्हतं. पण पुंजाराम माझ्यात चढला. त्याने आपलं गाठोडं काढून खाली टाकलं, पातेली टाकली. मग फाळक्यावरच्या ओळीतून आपला हळद-कुंकू लावलेला कोयता उचलला.

"मुकादम, सोळा न्या," तो म्हणाला. "माझा भाऊ तिकडं ऊस तोडत राह्यला आन् त्याच्या बायकोची गाठ वाढत गेली. मी ते करणार न्हाई. तिकडं काय सांगायचं ते सांगा. पुंजाराम बायकोला घिऊन दवाखान्यात गेला म्हणा. त्याची मला लाज न्हाई."

हरिओमने बेबीनंदाकडे हात पुढे केला. तिने पिन त्याच्या हातावर ठेवली. नारळ फुटला. सोळा जोड्या चढल्या आणि आम्ही निघालो. वळणावर मला मागचं दिसतं, कारण माझं तोंडच मागे आहे. सोनूबाई गाठोड्यावर बसली होती. शेजारी म्हातारी उभी होती.

तो हंगाम मला फार लांब गेला. फोनवर निरोप यायचे, पण ट्रॉलीला कोण सांगतं? मी ऊस वाहत राहिले. सोळा जोड्यांनी जास्तीची तोड ओढली. काही जण पुंजारामच्या नावाने बोटं मोडायचेही, ते मी ऐकलं आहे. सगळेच चांगले वागतात असं मी सांगणार नाही. हरिओम मधेच आठ दिवस जालन्याला जाऊन आला. पुडी सुटली म्हणतो. मला संशय आहे. पण खिशात आता बडीशेप असते, हेही खरं.

एप्रिलात आम्ही परत आलो. वेशीवर माणसं जमली होती, लेकरं धावत होती. मी एकेक चेहरा बघत आत शिरले. पुंजाराम दिसला. गोजरबाई दिसली. सोनूबाई दिसली नाही. भारतने लिंबाखाली मला उभं केलं, इंजिन बंद केलं, लोक उतरले, गाठोडी उतरली, तरी ती नाही. माझे सांधे उन्हाने तापले होते, पण आतून मी थंड पडले.

मग गल्लीतून आवाज आला. जरासा जड, शब्द थोडे चोळामोळा झालेले, पण आवाज चढलेला. "पुरण चुलीवर टाकून येऊ का म्या? करपलं म्हंजी मलाच बोलणार तुमी." सोनूबाई आली. हाताला पीठ, डाव्या गालाखाली एक बारीक रेघ. ऑपरेशन झालं होतं, गाठ पूर्ण निघाली होती, दर काही महिन्यांनी दाखवायला जायचं होतं. मिश्रीचा डबा तिने कधीच उकिरड्यावर टाकला होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही, ट्रॉलीकडे कोण बघतं? ती भारतला म्हणाली की माझी गोधडी या तुझ्या डब्यात राहिली होती सहा महिने, आता तूच धुऊन दे. मला ते भाषण मुख्याध्यापकांच्या भाषणापेक्षा जास्त आवडलं.

यंदा तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांनी बेबीनंदाला विचारलं की तपासणी ट्रॉलीपाशी कशाला, उपकेंद्राची चांगली इमारत आहे, तिथे करा, नियमात बसतं. बेबीनंदा म्हणाली की साहेब, इमारत जाग्यावरून हलत न्हाई आन् आमची माणसं जाग्यावर राहत न्हाईत. साहेबांनी काही लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. रकाना वाढला तर बरं. नाही वाढला तरी आम्ही थांबणार नाही. शेजारच्या तांड्यावरच्या दोन ट्रॉल्यांपाशीही यंदा खुर्ची मांडली गेली.

मित्रांनो, मला रंग द्या असं मी म्हणत नाही. तेलपाणी भारत करतो. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कुणी डॉक्टर होईल, कुणी तालुक्याच्या कचेरीत बसेल, कुणाच्या हातात यादी येईल. त्या यादीत एखाद्या गावापुढे शून्य दिसलं तर टाळ्या वाजवू नका. आधी विचारा की त्या दिवशी गावात कोण नव्हतं, आणि ते कुठे गेले होते. मग उठा आणि तिथे जा. रस्ता खराब असेल. मी त्याच रस्त्याने जाते, भरलेली, चौदा वर्षं झाली. तुम्हांला काय झालंय?